दारावरची हिरवी फांदी : व्हिएन्नाचे होयरिगर

ऑस्ट्रियाच्या बोलीत ‘होयर’ म्हणजे यंदा. त्यावरून ‘होयरिगर’ म्हणजे यंदाचा, या हंगामातला. मराठी घरात तांदूळ नवा की जुना असे विचारतात, तसेच व्हिएन्नात वाइनबद्दल विचारले जाते. द्राक्षे काढल्यावर तयार होणाऱ्या नव्या वाइनला रूढीप्रमाणे पुढच्या वर्षीच्या 11 नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे संत मार्टिनच्या सणापर्यंत, होयरिगर म्हणतात. त्या दिवशी तिच्यानंतरची वाइन बाजारात आलेली असते आणि ही ‘जुनी’ ठरते. वाइनचे हे नाव पुढे ती जिथे बसून प्यायची त्या जागेलाही चिकटले. त्यामुळे व्हिएन्नाचा माणूस एकाच संध्याकाळी होयरिगरला जातो आणि तिथे होयरिगर पितोही.

बाहेरच्या प्रवाशाला ही जागा रेस्टॉरंटसारखी दिसते. बाके आहेत, वाढपी आहेत, खाणेपिणे आहे. मूळ होयरिगर मात्र रेस्टॉरंट नाही. ते द्राक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे घर आहे, आणि त्या घरात स्वतःच्या मळ्यातली वाइन स्वतः विकण्याचा त्याचा हक्क आहे. तिथे काय मिळते, काय मिळत नाही, दार वर्षातून किती दिवस उघडे असते, जेवण गरम का नसते, हे सगळे याच एका गोष्टीतून आलेले आहे.

हा हक्क लेखी मिळाला तो 17 ऑगस्ट 1784 रोजी, सम्राट दुसरा जोसेफ याच्या फर्मानाने. त्याच्या साम्राज्याच्या दक्षिण टोकाला, आजच्या इटली आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवरच्या गोरित्सिया भागात, एका सरंजामदाराने आपल्या हद्दीतल्या गुत्त्यांवर फक्त आपलीच वाइन विकण्याची सक्ती केली होती. रयतेने तक्रार केली, ती व्हिएन्नापर्यंत पोचली, आणि उत्तरादाखल निघालेला हुकूम एका गावापुरता न राहता सर्वांना लागू झाला. स्वतः पिकवलेले अन्नपदार्थ, वाइन आणि फळांचा रस कोणालाही वर्षभर, हव्या त्या वेळी, हव्या त्या किमतीला विकण्याची मुभा त्याने दिली. जोसेफने आपल्या कारकिर्दीत शेकडो सुधारणा केल्या. त्यांतल्या पुष्कळशा त्याच्या हयातीतच मागे घ्याव्या लागल्या. शेतकऱ्याला दलालाशिवाय थेट गिऱ्हाइकापर्यंत जाऊ देणारी ही साधी तरतूद मात्र सव्वादोनशेहून अधिक वर्षे जिवंत आहे. राजाने केलेल्या कायद्याला याहून चांगले आयुष्य क्वचितच मिळते.

घरची वाइन विकण्याची पद्धत त्याआधीही होती. विक्री चालू असल्याची खूण म्हणून दारावर हिरवा डहाळा टांगण्याचा रिवाज मध्ययुगापासूनचा आहे. या डहाळ्याला ‘बुशन’ म्हणतात. त्यावरून अशा जागेचे दुसरे आणि कायद्यातले नाव पडले ‘बुशनशांक’, म्हणजे डहाळा लावून केलेली विक्री. फर किंवा पाइनच्या फांद्यांचा झुबका काठीला बांधून फाटकावर लावतात आणि शेजारी पाटी असते : ‘आउसग्श्टेक्ट’, म्हणजे ‘बाहेर लावले आहे’. फांदी दिसली की दार उघडे. नसेल तर आत कितीही माणसे दिसोत, ते कोणाचे तरी घर आहे. गोरित्सिया आणि त्रिएस्ते या भागांतही ही परंपरा अजून चालू आहे. तिथले नाव ‘ओस्मित्सा’ हे स्लोव्हेनी भाषेतल्या ‘आठ’ या शब्दावरून आलेले आहे, कारण तिथे विक्रीची परवानगी मुळात आठ दिवसांची असे.

असे घर व्हिएन्नासारख्या वीस लाख वस्तीच्या राजधानीत टिकले, कारण व्हिएन्नाच्या हद्दीत आजही शेती आहे. शहराचे एकूण क्षेत्र सुमारे 415 चौरस किलोमीटर. त्यातल्या जवळपास सहाशे हेक्टरांवर द्राक्षमळे आहेत. नावापुरत्या दोनचार ओळी लावून शोभेची बाग राखणाऱ्या राजधान्या इतरही आहेत, पण ज्या शेतीवर कुटुंबे पोट भरतात अशी एवढी द्राक्षशेती दुसऱ्या कोणत्याही राजधानीत नाही. पश्चिमेला व्हिएन्ना जंगलाच्या टेकड्या उतरत शहरात येतात. त्यांच्या उतारावर, डॅन्यूब नदीच्या वर, नुसबर्ग आणि कालेनबर्ग आहेत. नदीपलीकडे उत्तरेला बिझामबर्ग आहे. दक्षिणेला माउअर आणि ओबरला. नुसबर्गची माती चुनखडीची, बिझामबर्गकडे वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक पिवळसर मातीचे थर. दिवसा नदीचा उजेड आणि ऊब, रात्री जंगलातून उतरणारा गारवा, यामुळे द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही उरतो. लागवडीतला चार-पंचमांशाहून जास्त भाग पांढऱ्या द्राक्षांचा आहे.

या मळ्यांची खरी खासियत म्हणजे ‘गेमिश्टर साट्स’, मिश्र लागवड. एकाच वावरात वेगवेगळ्या जातींच्या वेली शेजारीशेजारी लावतात, सगळी द्राक्षे एकाच दिवशी तोडतात आणि एकत्रच पिळतात. तयार वाइन पिंपात मिसळण्यापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. इथे मिश्रण मातीतच झालेले असते. यामागे शेतकऱ्याचे अगदी रोकडे शहाणपण आहे. एका जातीच्या फुलोऱ्यावर थंडी पडली तर दुसरी उशिरा फुलते आणि वाचते. एक जात लवकर पिकून गोडवा देते, दुसरी उशिरापर्यंत आंबटपणा धरून ठेवते. आपल्याकडे बाजरीच्या शेतात तूर-मटकी पेरणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या किडीने युरोपभर वेलींची मुळे खाल्ली. त्यानंतर नवी लागवड झाली ती बहुतेक एकेका जातीच्या सरळ रांगांची, आणि मिश्र मळे मागे पडले. विसाव्या शतकात गेमिश्टर साट्स म्हणजे स्वस्त, बिनचेहऱ्याची वाइन असाच समज होता. काही द्राक्षबागायतदारांनी जुने मळे विकत घेऊन, राखून तिला पुन्हा उभे केले. 2008 मध्ये ‘स्लो फूड’ या संस्थेने तिला आपल्या संरक्षित खाद्यवारशात घेतले आणि 2013 च्या हंगामापासून ‘वीनर गेमिश्टर साट्स’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. नियम नेमका आहे : किमान तीन पांढऱ्या जाती एकत्र लावलेल्या हव्यात, सर्वांत मोठ्या जातीचा वाटा 50 टक्क्यांहून अधिक नको, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या जातीचा वाटा 10 टक्क्यांहून कमी नको. मिश्रणात बहुधा ग्र्युनर फेल्टलिनर, रीसलिंग, वाइसबुर्गुंडर, नॉयबुर्गर यांसारख्या जाती असतात.

वर्षाच्या कोणत्या काळात होयरिगरला गेले यावर पेल्यात काय येईल हे ठरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी चालू असते तेव्हा आधी मिळतो ताजा गोड रस. तो आंबू लागला की ‘श्टुर्म’ होतो. या शब्दाचा अर्थ वादळ, आणि ते नाव अगदी योग्य आहे : गढूळ, फसफसणारे, अर्धे गोड, अर्धे आंबट पेय. त्याचे आंबणे चालूच असल्यामुळे बाटलीला घट्ट बूच लावता येत नाही, लावले तर बाटली फुटेल. म्हणून श्टुर्म लांब जात नाही. जिथे झाला तिथे जाऊनच प्यावा लागतो. तो गोड लागतो म्हणून नवखा माणूस भराभर पितो, आणि त्यातले अल्कोहोल नंतर जाणवते. जुनी माणसे श्टुर्मचा पेला उचलताना वाइनसारखे ‘प्रोस्ट’ म्हणत नाहीत, कारण ती अजून वाइन झालेली नाही. पुढे आंबणे थांबते, पण गाळ खाली बसलेला नसतो. त्या धूसर वाइनला ‘श्टाउबिगर’ म्हणजे धुळकट म्हणतात. ती निवळली की होयरिगर. नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला हंस भाजून खातात आणि नव्या वाइनचा पहिला पेला तेव्हा रीतसर उचलला जातो.

व्हिएन्नात होयरिगरला जायला मोटार लागत नाही, आणि वाइन पिऊन परतायचे असल्यामुळे ती नसलेलीच बरी. शहराच्या मध्यावरच्या शॉटनटोरहून 38 क्रमांकाची ट्राम ग्रिन्त्सिंगला जाते, डी ट्राम नुसडोर्फला पोचवते, आणि नदीपलीकडच्या श्टामर्सडोर्फचा रस्ता 31 क्रमांकाच्या ट्रामचा. ग्रिन्त्सिंग सर्वांत प्रसिद्ध आहे. बुटकी पिवळी घरे, दगडी रस्ता, दारादारावर कंदील. पण पर्यटकांच्या बस तिथेच थांबतात, आणि तिथल्या पुष्कळ जागा आता वर्षभर चालणारी मोठी रेस्टॉरंट झाल्या आहेत. ज्याला मूळची पद्धत पाहायची आहे त्याने श्टामर्सडोर्फ, नॉयश्टिफ्ट आम वाल्ड किंवा माउअर यांकडे वळावे. तिथे शेजारच्या बाकावर त्याच गल्लीतले लोक बसलेले असतात. हायलिगेनश्टाटची गोष्ट वेगळी. याच गावात 1802 मध्ये बहिरेपणाने खचलेल्या संगीतकार बेथोव्हेनने आपल्या भावांना उद्देशून एक प्रसिद्ध पत्र लिहिले. 1817 मध्ये तो तिथल्या चर्चसमोरच्या ज्या घरात राहिला, ते घर आज होयरिगर आहे.

निघण्यापूर्वी दार उघडे आहे का ते पाहणे महत्त्वाचे. खरा बुशनशांक रोज उघडा नसतो. मळ्यातली कामे, तोडणी, पिळणी सांभाळून कुटुंब दोनतीन आठवडे विक्री करते, मग काही आठवडे दार बंद. लहान गावांत शेतकरी आपसांत पाळी लावून घेतात, म्हणजे गावात कुठे ना कुठे फांदी लटकत राहते. या पाळ्यांची छापील वेळापत्रके मिळतात.

फाटकातून आत गेले की घराची लांबट बोळ लागते आणि मागे अंगण उघडते. अक्रोडाचे किंवा चेस्टनटचे झाड, त्याखाली लाकडी लांब बाके आणि टेबले, बरेचदा हिरव्या रंगाची. टेबल मोठे असेल आणि दोघेच असतील तर आधी बसलेल्यांना विचारून त्यांच्याच टेबलावर बसायचे. यात संकोचाचे काही नाही. वकील, प्लंबर, आजोबा, विद्यार्थी एका बाकावर बसतात, आणि दुसऱ्या पेल्यानंतर त्यांच्यात बोलणे सुरू होते. व्हिएन्नाच्या कॉफीगृहात माणूस एकटा बसायला जातो. इथे तो लोकांत बसायला येतो.

वाइन टेबलावर येते, जेवण स्वतः आणायचे. ही विभागणी नवख्याला ठाऊक नसते, म्हणून तो वाढप्याची वाट पाहत उपाशी बसतो. वाढपी फक्त पेय विचारतो. माप लिटरच्या हिशेबात : ‘आख्टल’ म्हणजे लिटरचा आठवा भाग, ‘फिर्टल’ म्हणजे पाव लिटर. साध्या होयरिगरला पातळ दांड्याचा नाजूक पेला नसतो; कान असलेला जाड काचेचा पाव लिटरचा मग असतो. वाइनमध्ये तितकाच सोडा घातला की ‘ग्श्प्रिट्स्टर’ होतो. उन्हाळ्यात बहुतेक लोक तोच मागवतात, कारण त्यावर तीन तास गप्पा चालतात. मुलांना आणि वाइन न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस मिळतो, तोही त्याच मळ्यातला. बिअर मागू नये. बुशनशांकला फक्त घरचे विकता येते, आणि बिअर घरची नाही.

जेवणाचा काउंटर घरात असतो. पूर्वी तोही नव्हता. लोक घरून डबा घेऊन येत, शेतकऱ्याकडून फक्त वाइन घेत. नंतर शेतकऱ्याची बायको पाव, चीज आणि घरच्या डुकराचे मांस ठेवू लागली. कायद्याने बुशनशांकला थंड पदार्थांचीच मुभा असते. गरम स्वयंपाकाला हॉटेलचा परवाना लागतो. परवाना घेतलेल्या मोठ्या होयरिगरमध्ये तळलेले चिकन, श्निट्सल, भाजलेले डुक्कर, पोटाच्या मांसाला विलायती जिरे लावून केलेला ‘क्युमलब्राटन’ असे सगळे असते. काचेमागच्या बाईला बोटाने दाखवायचे. काही ठिकाणी वजनावर पैसे लागतात, म्हणून ‘थोडे’ म्हणायला शिकावे.

थंड पदार्थांत सगळ्यांच्या आवडीचा ‘लिपटाउअर’. स्लोव्हाकियातल्या लिप्टोव्ह प्रांतावरून त्याचे नाव पडले. तिथे तो मेंढीच्या चीजचा करत. व्हिएन्नात ताज्या मऊ चीजमध्ये लोणी, पाप्रिकाची लाल पूड, विलायती जिरे आणि बारीक कांदा घालून फेटतात आणि राईच्या काळ्या पावावर जाड थर देतात. डुकराच्या चरबीत कुरकुरीत कण घालून केलेला लेप, रक्ताचा सॉसेज, खारवलेले मांस, किसलेली झणझणीत ‘क्रेन’ ही मुळी आणि आंबवलेली काकडी हे त्याच्या जोडीला असते. मराठी प्रवाशांत शाकाहारी पुष्कळ असतात, त्यांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. व्हिएन्नाचे बटाट्याचे सॅलड मेयोनेजऐवजी गोमांसाच्या सूपमध्ये मुरवतात, आणि लिपटाउअरमध्ये कधीकधी खारवलेली अँकोव्ही मासळी घालतात. अंडी, चीज, कोबीचे सॅलड (त्यात डुकराचे तुकडे नसल्यास), पाव आणि शेवटी सफरचंदाचे स्ट्रूडल, एवढ्यावर शाकाहारी माणसाची संध्याकाळ नीट पार पडते. हे जेवण चरबीचे आणि खारट आहे, आणि ते तसेच असायला हवे : तरुण वाइन आंबट असते, तिला हीच सोबत लागते.

संगीत प्रत्येक होयरिगरमध्ये नसते, पण होयरिगरचे म्हणून एक संगीत आहे. श्रामल बंधूंचे नाव त्याला मिळाले आहे. योहान (1850–1893) आणि योझेफ (1852–1895) हे दोघे व्हायोलिनवादक. 1878 मध्ये त्यांनी आंटोन श्ट्रोमायर याला दोन मानांच्या मोठ्या गिटारवर सोबतीला घेऊन त्रिकूट बांधले. 1884 मध्ये गेओर्ग डेंत्सर आपली छोटी, उंच स्वराची क्लॅरिनेट घेऊन आला आणि चौकडी पुरी झाली. व्हिएन्नाच्या बोलीत त्या क्लॅरिनेटला ‘चिकट-गोड लाकूड’ असे लाडाचे नाव आहे. गावातल्या दारूच्या अंगणात वाजवणाऱ्या या चौघांना राजवाड्यांतून बोलावणी आली. ब्राह्म्स आणि योहान श्ट्राउस हे संगीतकार त्यांचे चाहते होते. दोघे भाऊ त्रेचाळिसाव्या वर्षीच गेले. पुढे क्लॅरिनेटच्या जागी बटणांचा अकॉर्डियन आला आणि आज बहुतेक ठिकाणी तोच ऐकू येतो. गाणी व्हिएन्नाच्या बोलीतली असतात. विषय दोनच : वाइन आणि मरण. आपण गेल्यावरही हे शहर आणि ही वाइन राहणार, हा त्यांचा सूर. परका माणूस पहिल्यांदा ऐकताना त्यांना आनंदगीते समजतो, इतकी चाल हसरी असते. वादक टेबलाजवळ येऊन वाजवू लागले तर त्यांना पैसे देण्याची रीत आहे.

व्हिएन्नाबाहेर देशभर बुशनशांक आहेत, आणि प्रत्येक प्रांताचे पेय आपले. उत्तरेच्या वाइनफियर्टलमध्ये गावाबाहेर तळघरांच्या गल्ल्याच असतात : वाइन पिळण्याची बुटकी पांढरी घरे रांगेने उभी, त्यांत कोणी राहत नाही. दक्षिणेला गुम्पोल्ड्सकिर्शनला रोटगिप्फलर आणि त्सियरफांडलर या दुसरीकडे फारशा न मिळणाऱ्या जाती आहेत. पश्चिम स्टायरियात ‘शिल्शर’ नावाची गुलाबी, दात आंबवणारी वाइन मिळते आणि थंड जेवण लाकडी फळीवर वाढतात. मोश्टफियर्टलमध्ये जोर द्राक्षांवर नाही. तिथले शेतकरी नाशपातीची वाइन करतात, आणि तीही याच हक्काने विकतात.

1985 मध्ये या सगळ्यावर मोठे संकट आले. काही उत्पादकांनी वाइन गोड आणि भरदार भासावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघड झाले. ऑस्ट्रियन वाइनची निर्यात जवळजवळ थांबली, आणि ज्यांनी काहीच केले नव्हते असे शेतकरीही भरडले गेले. त्याच वर्षी देशाने अत्यंत कडक वाइन कायदा केला. आज दर्जेदार ऑस्ट्रियन वाइनच्या बुचावर लाल-पांढरा-लाल पट्टा असतो तो सरकारी तपासणीची खूण म्हणून. होयरिगरला येणारा जुना गिऱ्हाईक तरीही येत राहिला. तो बाटलीवरची चिठ्ठी वाचून येत नव्हता, वाइन करणाऱ्याला चेहऱ्याने ओळखत होता.

आजचा धोका जमिनीचा आहे. नुसबर्गवरून सगळे शहर दिसते, म्हणून तिथे बंगल्यासाठी जागा मिळावी असे अनेकांना वाटते. व्हिएन्नाने द्राक्षमळ्यांवर बांधकामाला कायद्याने आडकाठी घातली आहे. पण मळा वाचला तरी घर वाचेलच असे नाही. मुले दुसऱ्या व्यवसायात जातात, अंगण विकले जाते, तिथे सदनिका होतात. 2019 मध्ये व्हिएन्नाची होयरिगर संस्कृती ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत आली. त्याने मान मिळाला. पहाटे मळ्यात जाऊन रात्री उशिरापर्यंत पेले भरणारे माणूस मात्र घरातूनच यावे लागते.

संध्याकाळ संपली की हिशेब टेबलावरच होतो. पेयाचे पैसे वाढप्याला, आणि जेवणाचे बहुधा काउंटरवर आधीच दिलेले असतात. वाढप्याच्या बिलावर दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम वाढवून देण्याची रीत आहे, आणि ती रक्कम टेबलावर न ठेवता पैसे देतानाच सांगायची असते. लहान जागी कार्ड चालेलच असे नाही, म्हणून रोख जवळ असावी. शेवटची ट्राम मध्यरात्रीच्या सुमारास निघते, आणि ग्रिन्त्सिंगच्या शेवटच्या थांब्याजवळ तिची वाट पाहणाऱ्यांत शेजारच्या बाकावरचे लोक हमखास भेटतात.